गैरहजर गड्याचें काय करावें?

पत्त्यांच्या डावांत चौथा गडी आला नाहीं तर तिघांचा डाव मांडतां येतो. बुद्धिबळाला तर दोघेच पुरतात. परंतु गेल्या कांहीं वर्षांत ज्या भूमिका-खेळानें सुशिक्षित घरांतील तरुण मंडळींचें मन वेधून घेतलें आहे, त्यांत एका गड्याच्या न येण्यानें निराळाच पेंच उभा राहतो. ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. टेबलाभोंवतीं पांचसहा जण बसतात. प्रत्येकानें एक काल्पनिक पात्र घेतलेलें असतें, कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर. आणि त्या पात्राचे गुणदोष व सामानसुमान एका कागदावर टिपून ठेवलेलें असतें. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, गडी ‘माझें पात्र अमुक करतें’ असें म्हणतात, आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें वीस पैलूंचा फांसा टाकून निकाल लावतात. कथा एका बैठकींत संपत नाहीं. ती महिनेच्या महिने चालते. तेव्हां मागल्या रविवारीं भुयारांत उतरलेला योद्धा या रविवारीं साताऱ्यास लग्नाला गेला, तर भुयारांत त्याचें काय झालें असें समजावयाचें?

खेळ अमेरिकेंतला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें तो प्रसिद्ध केला. तरी त्याची कल्पना कृष्णाकांठच्या माणसाला अगदींच परकी वाटूं नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां सूत्रधार आख्यानाचीं पदें म्हणे आणि पात्रें आपलीं भाषणें आयत्या वेळीं स्वतःच्या शब्दांत करीत. पुढें लिहिलेलीं नाटकें आलीं व ती रीत मागें पडली. या खेळांत तीच रीत निराळ्या वेषानें परत आली आहे, असें आम्हांस वाटतें. आणि अडचणीचें मूळहि तेथेंच आहे. पाठ केलेली भूमिका दुसऱ्यास देतां येते. जी भूमिका तो गडी बसल्या जागीं मनानें रचतो, ती दुसऱ्यानें कशी चालवावी?

आम्ही ज्या मंडळींत अधूनमधून बसतों, तें कऱ्हाडांतील एक भरलें घर आहे. कॉलेजांत जाणारा पुतण्या सूत्रधार. त्याचे आजोबा, काका, काकू, धाकटा चुलतभाऊ व थोरली बहीण हे गडी. काकूंचें पात्र म्हणजे एक वैदीण. एका रविवारीं ऐन खेळाच्या वेळीं पाहुणे आले व काकू स्वयंपाकघरांत अडकल्या. ‘तिचें पात्र मी चालवितों,’ असें काका म्हणाले आणि त्यांनीं तें चालविलेंहि. इतकें उदारपणें कीं, एका यक्षाला प्रसन्न करण्यासाठीं त्यांनीं वैदिणीची औषधांची झोळीच देऊन टाकली. त्या दिवसाचा डाव मोठा रंगला. पुढच्या रविवारीं काकूंनीं कागद पाहिला, आणि फार शांतपणें विचारलें, “अहो, झोळी माझी होती ना? मला विचारलें असतें तर मी ती दिली नसती.” टेबलाभोंवतीं कोणी कांहीं बोललें नाहीं. झोळी खोटी होती. पण ती देण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न कांहीं खोटा नव्हता.

त्या दिवसापासून त्या घरांत असा करार आहे कीं, बदली गड्यानें दुसऱ्याच्या पात्राकडून लढावें, ओझें उचलावें, पहारा करावा. पण त्याची वस्तु देऊं नये, त्याच्या नांवानें वचन देऊं नये आणि त्याचा प्राण पणाला लावूं नये. आम्हांस हा करार फार शहाणपणाचा वाटतो. कऱ्हाडकरांना तर त्याचा दाखला दूर शोधावयास नको. संत सखू पंढरीस गेली तेव्हां विठ्ठल तिचें रूप घेऊन तिच्या सासरीं राहिला, ही कथा ‘प्रभात’च्या १९४१ सालच्या बोलपटानें सर्वतोमुखीं केली. विठ्ठलानें सखूच्या वांट्याचें काम केलें, जाच सोसला. पण तिच्या नांवानें घरांतला एकहि निर्णय केला नाहीं. बदली गडी असावा तर असा. (सासरच्यांना बदल कळला नाहीं, ही विठ्ठलाच्या अभिनयाची स्तुति कीं सासरच्यांची निंदा, हें वाचकांनींच ठरवावें.)

परंतु बदली गडी हा मुळांत दुसरा उपाय. पहिला उपाय कथेच्या घडणींत आहे. १९७४ च्या मूळ पुस्तिकेंत एका खेळांत ४ ते ५० गडी सामावतील असें म्हटलें आहे, आणि एका सूत्रधारामागें सुमारें २० गड्यांचें प्रमाण सुचविलें आहे. इतकीं माणसें दर वेळीं जमणें शक्यच नव्हतें. जो येईल त्यानें भुयारांत उतरावें व बाहेर यावें, असा तो प्रकार होता. पुढें खेळाला कादंबरीचें वळण लागलें, चारपांच ठराविक पात्रांवर सारी कथा उभी राहूं लागली, आणि मग एकाची गैरहजेरी सर्वांचा अडसर झाली. दोष येणाऱ्याजाणाऱ्यांचा नव्हे. कथेची वीणच फार घट्ट झाली होती.

आमच्या सूत्रधारानें ती सैल केली. आगाशिवच्या डोंगरांत जीं बौद्ध लेणीं आहेत, त्यांच्या खालीं त्यानें एक भुयार कल्पिलें आहे आणि पायथ्याशीं एक गांव. मंडळी गांवांतून निघतात आणि बैठक संपण्यापूर्वीं गांवांत परत येतात, कारण ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलांतलें तेल मोजकें असतें व तें संपलें कीं भुयारांत राहणें धोक्याचें. त्यामुळें ज्याला यावयास जमलें नाहीं तो ‘आज गांवांतच राहिला’, एवढें म्हटलें कीं झालें. सहांपैकीं चौघे जमले तर खेळ होतो. तिघेच असले तर त्या दिवशीं एखादी सुटी गोष्ट. गैरहजर गड्याचे अनुभवाचे गुण कापले जात नाहींत. पुष्कळ ठिकाणीं ते कापतात; ज्याला परीक्षेमुळें येतां आलें नाहीं त्याला दंड कशाचा, हें आम्हांस कधीं उमगलें नाहीं. शिवाय आजोबा दर बैठकीची रोजनिशी लिहितात आणि पुढच्या वेळीं आरंभीं वाचून दाखवितात. ते पूर्वी शिक्षक होते, तेव्हां ती किंचित् लांबते.

ह्याच रोजनिशीनें एक गोष्ट उघड केली. दिवाळीपूर्वीं आजोबांनीं मागलीं पानें चाळलीं तों ‘वैदीण गांवांत राहिली’ हें वाक्य पुनःपुन्हा आलेलें दिसलें. योद्धा दोनदां राहिला होता, चोर एकदां. वैदीण नऊ वेळां. खेळ संध्याकाळीं सहाला सुरू होई, म्हणजे रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळीं. कोणी काकूंना येऊं नका म्हटलें नव्हतें. येतां येईल अशी वेळ मात्र ठेवली नव्हती. सखूला पंढरीस जातां आलें, कारण घरकामाला बदली मिळाला. येथें बदली पटावर दिला जात होता, आणि हवा होता तो ओट्यापाशीं.

आतां खेळ जेवणानंतर नऊ वाजतां बसतो. पानें वाढणें, उष्टीं काढणें, ओटा पुसणें हें पाळीपाळीनें सर्व गड्यांकडे आहे, सूत्रधारहि सुटत नाहीं. काकांना पहिल्या दिवशीं दुधाचें पातेलें कोठें ठेवावयाचें तें ठाऊक नव्हतें. घरांत राहून त्यांना पंचवीस वर्षें झालीं होतीं. वैदिणीनें त्यानंतर यक्षाशीं वाटाघाट करून आपली झोळी परत मिळविली. फांसा एकोणीस पडला.

थोरली बहीण जूनपासून पुण्यास शिकावयास गेली आहे. मोबाइलवरून तिला खेळांत घेऊन पाहिलें, पण फांशाचा आवाज ऐकूं येई व बोलणें तुटे. म्हणून तिच्या चोरानें पायथ्याच्या गांवांत धर्मशाळा घातली आहे. दर रविवारीं मंडळी तेथेंच उतरतात, आणि आजोबा रोजनिशींत तिच्या नांवें भाडें जमा करतात. एकशें बारा मोहरा झाल्या आहेत. काकांकडे त्यांतल्या सोळा थकल्या असून, ती सुट्टींत आली कीं प्रथम त्या मागणार आहे असें तिनें कळविलें आहे.