मालक झालात, पण विमा कुठे गेला?

जळगावच्या एम.आय.डी.सी.त चटई आणि पाइपच्या कारखान्यांत, धुळ्याच्या अवधान वसाहतीत आपल्या समाजातील कितीतरी बापांनी मशीनवर उभे राहून दिवस काढले. आज त्यांचीच मुले वर्कशॉप टाकतात, 'प्रायव्हेट लिमिटेड' कंपनी काढतात, दारावर 'डायरेक्टर' अशी पाटी लावतात. आम्हाला याचा अभिमान आहे. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. कामगार असताना तुमच्याजवळ ई.एस.आय.चे कार्ड होते, पी.एफ.चा नंबर होता. पाटी लागली, मग ते कुठे गेले?

ते कार्ड ही कुणाची मेहेरबानी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 साली कामगारांच्या आरोग्यविम्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. 1944 मध्ये अहवाल आला आणि त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला.

बहुतेकांची समजूत अशी, की मालकाला विमा नसतो. कंपनीच्या बाबतीत हे खरे नाही. कंपनी वेगळी आणि तुम्ही वेगळे. कंपनीचे काम करून तिच्याकडून ठरलेला पगार घेणारा मॅनेजिंग डायरेक्टरही कामगार विम्यात येऊ शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला. भागीदारीचे मात्र तसे नाही. भागीदार पगार घेत असला तरी तो मालकच. एकट्याच्या धंद्यातही माणूस स्वतःचा नोकर होत नाही.

समजा, एका भावाने कारखान्यात 7 वर्षे पी.एफ. भरला आणि नंतर 12 माणसांची कंपनी काढली. 10 माणसांपासून ई.एस.आय. लागतो. पी.एफ.ची सक्ती 20 माणसांपासून आहे. पण मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर आधीही घेता येतो. या भावाने 15,000 रुपये पगाराचा ठराव करून घेतला, तर 10 टक्क्यांप्रमाणे 1,500 रुपये त्याच्या पगारातून आणि तेवढेच कंपनीकडून जातील. ई.एस.आय.साठी 2019 पासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि कंपनीचा सव्वातीन टक्के आहे. त्यात कुटुंबाचे औषधपाणी आणि आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते.

पेन्शनला 10 वर्षे लागतात. मागची 7 आणि नवी 3 मिळून ती पूर्ण होतात. 15,000 पगारावर 58 व्या वर्षापासून महिना सुमारे 2,143 रुपये मिळतात. भांडवलासाठी जुना पी.एफ. काढताना पेन्शनचा वाटाही काढलात, तर ती 7 वर्षे पुसली गेली! म्हणून तो काढू नका, जुने खाते नव्या नोकरीला जोडा. सभासद असताना काही बरेवाईट झाले, तर पत्नीला पेन्शन आणि 7 लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळू शकते.

ज्यांचा धंदा गुमास्त्यावर किंवा भागीदारीत चालतो, त्यांनीही हात बांधून बसू नये. बँकेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा मिळतो. आयकर न भरणाऱ्यांना 18 ते 40 वयात अटल पेन्शन घेता येते.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. म्हणून अर्जापूर्वी चालू नियम कार्यालयात विचारून घ्यावेत.

शेवटी एक सांगणे. तुमच्या हाताखालची माणसेही आपल्यासारख्याच घरांतून आली आहेत. त्यांच्या पगारातून कापलेला पैसा न भरणे हा गुन्हा आहे. स्वतःची पावती फाडाल त्याच दिवशी त्यांचीही फाडा. कालचा कामगार आज मालक झाला, याची खरी खूण दारावरची पाटी नव्हे, ती पावती आहे.