प्रवाळ मत्स्यालयाची देखभाल

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे जिवंत प्रवाळ, सागरी मासे व अपृष्ठवंशी प्राणी ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी होय. घरगुती टाकीतील पाणी थोडे असल्याने त्याचे रासायनिक संतुलन लवकर ढळते. त्यामुळे नियमित देखभाल आवश्यक ठरते. ती पूर्णपणे टाळता येत नाही. मात्र तिचा बराचसा भाग सजीवांवर व स्वयंचलित उपकरणांवर सोपवता येतो.

इतिहास

इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये यांत्रिक गाळणीऐवजी समुद्रातील जिवंत खडक व हवेचे बुडबुडे वापरणारी 'नैसर्गिक पद्धत' मांडली. पुढे जर्मनीत रूढ झालेल्या 'बर्लिन पद्धती'त जिवंत खडकांना प्रोटीन स्किमर व प्रखर प्रकाशाची जोड मिळाली.

टाकाऊ द्रव्यांचे निर्मूलन

माशांचे उत्सर्जन व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सच्छिद्र खडकाच्या आतील ऑक्सिजनविरहित भागात अन्य जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात. स्किमर सेंद्रिय द्रव्ये विघटनापूर्वीच फेसावाटे बाहेर काढतो. जोडटाकीत वाढवलेले कीटोमॉर्फा शैवाल नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेते. शैवालाची छाटणी केली की ही द्रव्येही टाकीबाहेर जातात. काचेवरील व खडकांवरील शैवाल टर्बो गोगलगायी खातात. मासे मोजके ठेवल्यास व अन्न बेताने दिल्यास पाणी बदलण्याची गरज मुळातच कमी होते.

क्षारता व खनिजे

बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्यामुळे क्षारता समुद्राइतकी, म्हणजे दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम, राखण्यासाठी शुद्ध गोड्या पाण्याची भर घालावी लागते. पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता स्विच व छोटा पंप हे काम आपोआप करतात. कठीण प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट वापरतात. भरीच्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी दिल्यास बाष्पीभवनाची भरपाई होते व खनिजांचाही पुरवठा होतो. निवळीचा सामू १२ हून अधिक असल्याने ती थेंबाथेंबाने सोडतात. केवळ मऊ प्रवाळ ठेवल्यास कॅल्शियमची गरज बरीच कमी राहते.

मर्यादा

तरंगता स्विच अडकल्यास साठ्यातील सर्व पाणी टाकीत उतरून क्षारता घटते. निवळी असल्यास सामूही एकाएकी वाढतो. म्हणून भरीचा साठा लहान ठेवणे सुरक्षित असते. वीज गेल्यास पाण्याचा प्रवाह थांबून ऑक्सिजन कमी होतो. अशा वेळी बॅटरीवरील हवापंप उपयोगी पडतो. पंप व स्किमर यांची सफाई, क्षारतेचे मोजमाप, कॅल्शियमची चाचणी व प्राण्यांचे रोजचे निरीक्षण ही कामे मात्र पालकालाच करावी लागतात.

भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने मत्स्यालयासाठी ते समुद्रातून काढणे बेकायदेशीर आहे.