क्लैब्य आणि त्याची चिकित्सा

काशीनरेश दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुतादी शिष्यांस शल्यविद्या शिकविली, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सव्विसावा अध्याय वाजीकरणाचा. त्यात क्लैब्याचे सहा प्रकार वर्णिले असून पहिला मानसिक आहे : अप्रिय भावनेने मन खिन्न झाले की शरीर साथ देत नाही. पुढे आहारदोष, अतिरेक, इंद्रियाचा रोग वा मर्मावरील आघात, जन्मजात दोष आणि बळेच केलेला निरोध ही कारणे येतात. जन्मजात आणि मर्माघाताने आलेले क्लैब्य असाध्य होय, हेही ग्रंथकर्ता स्पष्ट सांगतो. वाराणसीकडे जाणाऱ्या आगगाडीतून दिसणाऱ्या भिंतींवरील ‘गुप्तरोग’तज्ज्ञांच्या जाहिरातींत असा प्रामाणिकपणा शोधूनही सापडत नाही! वास्तविक अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.

ताठरता ही मुख्यतः रक्ताभिसरणाची क्रिया आहे. मनाचा इशारा मिळताच मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, रोहिण्या सैलावतात आणि इंद्रियात रक्त भरते. मधुमेह, रक्तदाब व तंबाखू यांनी रोहिण्या बिघडल्या की ही क्रिया मंदावते. तेथील रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक. त्यामुळे तक्रार प्रथम येथे उमटते आणि हृदयविकार पुष्कळदा काही वर्षांनी मागून येतो. पन्नाशीच्या गृहस्थाने संकोचाने ही तक्रार लपविणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. तंबाखूचा विडा जमविणाऱ्या बनारसी रसिकांना हे ऐकविणे कठीणच!

डॉक्टर प्रथम रक्तातील साखर, मेद व रक्तदाब तपासतात. पहाटे ताठरता येते काय, असेही विचारतात. येत असल्यास मूळ बहुधा मनात असते आणि पतिपत्नींनी मिळून समुपदेशन घेणे हितावह ठरते. १९९८ साली अमेरिकेत मान्यता पावलेले सिल्डेनाफिल मुळात हृदयशूळासाठी अभ्यासले जात होते. ही गोळी वासना निर्माण करीत नाही. वासनेला शरीराची साथ मिळवून देते. मात्र हृदयशूळावरील नायट्रेट औषधांबरोबर ती घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. ‘शुद्ध वनस्पतिज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत हेच औषध चोरून मिसळलेले अनेकदा आढळले आहे. मग रोग्याला आपण काय घेतो हेच ठाऊक नसते. गोळीने गुण न आल्यास निर्वात नळी, इंजेक्शन आणि अखेरीस शस्त्रक्रियेने बसविलेले रोपण, असे मार्ग उरतात.

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आयुर्विज्ञान संस्थेत आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही विद्याशाखा एकत्र नांदतात. कोणत्याही दाराने गेले, तरी चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. आणि शक्य तर पत्नीसही.