थकलेला हप्ता घरखर्चातून कसा भरून काढाल?



विहीर खणायची होती, पाइपलाइन टाकायची होती, म्हणून जमीन गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढले. पहिले काही हप्ते वेळेवर गेले. मग एका वर्षी पावसाने दगा दिला, दुसऱ्या वर्षी भाव पडला आणि बघता बघता दोन हप्ते थकले. आता बँकेचा माणूस रस्त्यात दिसला की आपण दुसऱ्या बोळाने जातो. पोस्टमन दारात आला की छातीत धस्स होतं. आणि घरात मात्र यातलं कुणाला काही सांगितलेलं नसतं.

तुमच्या घरी असे असेल तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे. थकलेला हप्ता एकदम मोठी रक्कम हाती आल्यावर भरू, असे म्हणून तो सहसा भरला जात नाही. तो भरला जातो दर महिन्याला घरखर्चातून बाजूला काढलेल्या थोड्या थोड्या पैशातून. हे कसे करायचे ते क्रमाने पाहू.

थकबाकी रोज वाढते

समजा, ३६,००० रुपयांचा एक, असे दोन हप्ते थकले आहेत. म्हणजे ७२,००० रुपये. व्याजाचा दर द.सा.द.शे. ११ धरू. या रकमेवर वर्षाचे व्याज झाले ७,९२० रुपये. महिन्याला ६६० रुपये. दिवसाला जवळजवळ २२ रुपये. आपण शेतात असू, लग्नात असू की झोपेत असू, हे २२ रुपये रोज आपल्या नावावर चढतातच. दंड लागला तर तो वेगळा.

नुसते व्याजच वाढते असे नाही. कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाचा हप्ता दोन हंगाम थकला, किंवा उसासारख्या लांब मुदतीच्या पिकाचा एक हंगाम थकला, की बँक ते खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरवते. घरबांधणीच्या कर्जाला तर ९० दिवसांचीच मुदत असते. खाते असे बुडीत खात्यात गेले की नवे कर्ज मिळणे अवघड होते.

काहीजण सांगतात, "शेतजमिनीला बँक हात लावू शकत नाही." हे अर्धेच खरे आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, हे बरोबर. पण सहकारी संस्था व बँका १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ प्रमाणे वसुलीचा दाखला घेऊ शकतात, आणि त्यावरून जप्ती व लिलावापर्यंत गोष्ट जाऊ शकते. घर तारण असेल तर सरफेसीखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणून कुणाच्या ऐकीव बोलण्यावर विसंबून राहू नका.

पहिले काम : घरात सांगा

घरचा कर्ता एकटाच काळजी करतो आणि बाकीचे घर पूर्वीसारखाच खर्च करत राहते. यात दोष घरच्यांचा नसतो, त्यांना आकडाच ठाऊक नसतो. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवा. किती थकले, रोजचे व्याज किती, कोणता गट गहाण आहे, ते सरळ सांगा. मोठ्या मुलांनाही बसू द्या.

विशेषतः घरच्या कारभारणीला पूर्ण हिशेब सांगा. डबा कधी रिकामा होतो आणि पैसा कुठे गळतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नसते. तिला न विचारता केलेली काटकसर आठवडाभरही टिकत नाही.

दुसरे काम : महिनाभर वहीत लिहा

एक शाळेची वही घ्या. महिनाभर घरातून गेलेला प्रत्येक रुपया लिहा. चहाचे दहा रुपयेसुद्धा लिहा. महिना संपला की बेरीज करा. समजा, पाच माणसांच्या घरात असा हिशेब निघाला :

किराणा ५,५०० रुपये
पेट्रोल २,४०० रुपये
टपरीवरचा चहा, तंबाखू १,८०० रुपये
गॅस व वीज १,७०० रुपये
शाळा, वह्या, एसटीचा पास १,६०० रुपये
आहेर, जत्रा, पाहुणे १,५०० रुपये
कपडे व किरकोळ १,१०० रुपये
मोबाइल व टीव्ही १,००० रुपये
दवाखाना ९०० रुपये

एकूण १७,५०० रुपये. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. पण वही लिहिल्याशिवाय ते कळणार नाहीत. आहेर आणि जत्रेचा खर्च दर महिन्याला होत नाही. म्हणून वर्षाचा अंदाज काढून त्याला बाराने भागा.

कात्री कुठे लावायची?

टपरी : दिवसाला तीन चहा आणि तंबाखूची पुडी मिळून ६० रुपये होतात. तंबाखू सोडली आणि चहा दोनच ठेवले तर २० रुपये. महिन्याला १,२०० रुपये वाचले. तब्येत सुधारेल ती वेगळीच.

पेट्रोल : तालुक्याला आठवड्यातून पाच फेऱ्या होत असतील तर तीन करा. खत, बाजार, बँक ही कामे एकाच दिवशी उरका. ९०० रुपये वाचतील.

किराणा : उधारीच्या वहीवर माल आणला की भाव विचारायचा राहतो आणि दोन वस्तू जास्तच येतात. यादी करून रोखीने आणा. आपली तूर बाजारात विकायची आणि वर्षभर डाळ विकत आणायची, असे अनेक घरी चालते. घरापुरती तूर ठेवून डाळ करून घ्या. विहिरीच्या पाटावर मेथी, वांगी, मिरची लावा. बिस्किटांचे पुडे, फरसाण कमी करा. ९०० रुपये वाचतील.

आहेर व मानपान : इथे हात आखडणे सर्वांत जड जाते, कारण लोक काय म्हणतील ही भीती असते. पण ऋण काढून सण करणारा सुखी झालेला कुणी पाहिला नाही. भावकीतल्या थोरांना स्पष्ट सांगा, "यंदा आमचा हात आखडता आहे." समजूतदार माणूस समजून घेतो. ८०० रुपये वाचतील.

मोबाइल व टीव्ही : घरात चार फोन असतील तर चारही फोनला मोठे रिचार्ज लागते का, ते पाहा. ४०० रुपये वाचतील.

बेरीज करा. १,२०० अधिक ९०० अधिक ९०० अधिक ८०० अधिक ४००. झाले ४,२०० रुपये. दर महिन्याला.

कुठे कात्री लावायची नाही?

मुलांचे दूध आणि शाळा. म्हाताऱ्यांचे औषध. गरोदर बाईचा आहार. दुभत्या जनावराची पेंड. चांगले बियाणे. पीकविम्याचा हप्ता. यात वाचवलेला रुपया पुढे पाच रुपयांचा खड्डा पाडतो. गाईची पेंड तोडली तर दूध तुटते, आणि दूध तुटले तर हप्ता कशातून भरणार? लेकीची शाळा बंद करून केलेली बचत ही बचतच नव्हे.

वाचलेला पैसा हातात ठेवू नका

काटकसर पुष्कळ घरी होते, पण वाचलेला पैसा घरातच राहतो आणि दुसऱ्या वाटेने जातो. त्यावर उपाय सोपा आहे. डेअरीला दूध घालत असाल तर दर दहा दिवसांनी पगार होतो. महिन्याला तीन पगार. प्रत्येक पगारातून १,४०० रुपये आधी कर्जखात्यात भरा, मग उरलेल्या पैशात घर चालवा. घर चालवून उरले तर हप्ता भरू, असे म्हणाल तर काही उरणार नाही. १,४०० ला तीनने गुणले की झाले ४,२००. दूध नसेल तर बाजारच्या दिवशी भाजीच्या पट्टीतून किंवा मजुरीतून भरा.

असे भरत गेल्यास ७२,००० रुपयांची थकबाकी व्याजासकट सुमारे १९ महिन्यांत फिटते. एकोणीस महिने म्हणजे फार, असे वाटेल. पण काहीच केले नाही तर १९ महिन्यांनी हीच रक्कम ८४,००० च्या वर गेलेली असेल.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. या काळात येणारा चालू हप्ता पिकाच्या पैशातून वेळेवर गेलाच पाहिजे. मागची थकबाकी घरखर्चातून आणि चालू हप्ता शेतातून, अशी वाटणी करा. पीककर्जही मुदतीत फेडा. ते वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सरकारी सवलत मिळते. जुनी थकबाकी भरण्याच्या नादात ती सवलत घालवू नका.

बँकेत आपणहून जा

बँकेचा माणूस दारात येण्याआधी आपण बँकेत जावे. जाताना सातबारा, आठ-अ, पासबुक आणि जुन्या पावत्या न्या. शाखाधिकाऱ्यांना चार प्रश्न विचारा. एक, आजच्या तारखेला थकलेले मुद्दल किती, व्याज किती आणि दंड किती? दोन, मी दर महिन्याला रक्कम भरली तर ती आधी कशात जमा होईल? तीन, हप्त्याची तारीख उसाच्या बिलाच्या किंवा माल विकण्याच्या वेळी करून मिळेल का? चार, माझ्या भागात दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली असेल तर कर्जाचे पुनर्गठन होईल का?

पुनर्गठन म्हणजे कर्ज माफ होणे नव्हे. फेडीची मुदत वाढते आणि व्याज चालूच राहते. पण संकटाच्या वर्षी त्याचा आधार होतो. जी मागणी असेल ती लेखी करा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि तीन महिन्यांनी खातेउतारा मागून ताळा करून पाहा.

"एकरकमी थोडे भरा, बाकी सोडतो," अशी तडजोड पुढे आली तर अटी वाचून घ्या. अशा तडजोडीची नोंद पतमाहितीत राहते आणि पुढच्या कर्जाला ती आडवी येऊ शकते.

सावकाराकडे जाऊ नका

बँकेचा तगादा चुकवायला गावातल्या सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलले, असे बरेचदा घडते. हिशेब करा. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ७२,००० वर वर्षाचे व्याज २५,९२० रुपये. बँकेचे होते ७,९२०. आगीतून निघून फुफाट्यात पडण्याचाच हा प्रकार. परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली गुन्हा आहे. कुणी कोऱ्या कागदावर सही मागत असेल, किंवा कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून मागत असेल, तर देऊ नका. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे तक्रार करा.

माफीच्या भरवशावर थांबावे का?

२००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफीच्या योजना आल्या, हे खरे. पण प्रत्येक योजनेला तारखांच्या, रकमेच्या आणि कर्जाच्या प्रकाराच्या अटी होत्या. २०१९ ची योजना पीककर्ज आणि पुनर्गठित पीककर्जासाठी होती. घरबांधणीचे कर्ज तिच्यात बसत नव्हते. पुढे योजना आली आणि आपण तिच्यात बसलो, तर लाभ जरूर घ्यावा. तोवर दिवसाचे २२ रुपये काही थांबत नाहीत.

शेवटची पावती

सगळे कर्ज फिटले की काम संपले असे समजू नका. बँकेकडून बेबाकी दाखला घ्या. तो तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे देऊन फेरफार करून घ्या. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरातला बोजा उतरला की नवा उतारा काढून स्वतः वाचा. मग तो घरात सर्वांना दाखवा. टपरीवरचा चहा सोडणाऱ्यालाही दाखवा, आणि जत्रेत नवे लुगडे न घेणाऱ्या कारभारणीला तर सर्वांत आधी दाखवा.

मंडळी, वही आजच आणा. पहिल्या पानावर आजची तारीख आणि थकबाकीचा आकडा लिहा. दर महिन्याला त्याखाली नवा आकडा मांडा. तो खाली येताना दिसला की रात्रीची झोप आपोआप परत येईल. तुमच्या घरी खर्च कुठे वाचला, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. इतर शेतकऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.