कामावर परतलो म्हणून हक्क सुटत नाही



आमचे गोंदिया धानाचे गाव. येथील राईस मिलचे पट्टे फिरत असतात आणि केव्हातरी एखाद्याचा हात त्यात सापडतो. असाच उजवा अंगठा गमावलेला, चाळिशीतला एक कामगार आमच्याकडे आला होता. जखम भरली होती, मालकाचे बोलावणेही आले होते. तरी गडी चार महिने घरीच. विचारले तर म्हणाला, "भाऊ, कामावर गेलो तं अंगठ्याचे पैसे बुडतीन नं?" याच्या उलट, "पगार पूर्वीइतकाच मिळतो, मग भरपाई कसली?" हे मालकाचे बोल खरे मानून कागदावर सही करणारेही आम्ही पाहिले आहेत. दोघांचीही चूक एकच. बुडालेल्या मजुरीचा पैसा निराळा आणि गेलेल्या अवयवाचा पैसा निराळा, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

प्रथम राज्य विमा योजनेचे पाहू. प्रा. अदारकरांनी 1944 साली अहवाल दिला, 1948 साली कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामावर अपघात होऊन माणूस तात्पुरता अपंग झाला, तर सरासरी मजुरीच्या शेकडा 90 इतका लाभ मिळतो. हा मजुरीच्या बदली मिळणारा पैसा. ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली, त्या दिवशी तो मिळत नाही. आणि ते न्याय्यच आहे. परंतु कायमचे अपंगत्व आले, तर वैद्यकीय मंडळ कमाईची शक्ती किती घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात लाभ आजन्म मिळतो. माणूस कामावर गेला म्हणून तो थांबत नाही.

विमा लागू नसेल तेथे भरपाईची जबाबदारी मालकाची. ही तरतूद 1923 च्या कायद्यात होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो आणि विम्याचा कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. तत्त्व मात्र तेच राहिले. तात्पुरत्या अपंगत्वात मासिक मजुरीच्या चौथाईइतकी रक्कम दर पंधरवड्यास मिळते. कमी पगारावर परत गेल्यास ही रक्कम जुन्या व नव्या मजुरीतील फरकाहून अधिक होत नाही. म्हणजे पगार पूर्ववत झाला की ती संपते.

कायमच्या हानीचा हिशेब वेगळा. परिशिष्टात संपूर्ण अंगठ्याची हानी शेकडा 30 धरली आहे. मजुरी 10,000 रुपये आणि वय 40 असेल, तर मजुरीच्या शेकडा 60 म्हणजे 6,000. त्यास वयाच्या 184.17 या अंकाने गुणून त्याचे शेकडा 30 काढले की 3,31,506 रुपये होतात. या हिशेबात "आज पगार किती" हा प्रश्नच नाही. आज जुना पगार देणारी गिरणी उद्या बंद पडली, तर बिनअंगठ्याच्या हाताला दुसरीकडे कोण काम देणार? भरपाई त्या उद्याची आहे.

शिवाय परिशिष्टातला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये त्याचे अपंगत्व पूर्ण मानले. कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. अवयवासोबत धंदाही पाहावा लागतो.

रेल्वे, एस. टी. यांसारख्या सरकारी आस्थापनांत 2016 च्या कायद्याचे आणखी एक संरक्षण आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. अपघाताची खबर लेखी द्यावी, दवाखान्याचे कागद जपावे, दावा दोन वर्षांच्या आत लावावा आणि अंगात बळ आले की खुशाल कामावर जावे. "काही येणे नाही" असे लिहून घेतलेला, हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो. तरी मुळात तशी सही करूच नये. एक अंगठा पट्ट्याने नेला. उरलेला अंगठा कोऱ्या कागदावर उमटवून हक्कही देऊन टाकू नये.