एका पावसाचं विणकाम

हेदवीत माग नाही. पैठणी येवल्याची, चादर सोलापूरची. त्यांच्या पाठीशी विणकरांच्या सोसायट्या आहेत, भौगोलिक मानांकन आहे. गुहागर तालुक्यातल्या या गावात विणतात ते माडाच्या झावळ्यांचे झाप. शिमगा आटोपला, आंब्याची धांदल सुरू झाली की त्याच गडबडीत सकाळच्या वेळी कुणाच्या तरी खळ्यात बायका जमू लागतात. मृग लागायच्या आत पडवीची उघडी बाजू, लाकडांची खोपी, गोठा, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, सगळं शाकारून व्हायला हवं.

झावळ्या मात्र वर्षभर जमवाव्या लागतात. चांगल्या माडाला वर्षाकाठी बारा-चौदा नवी पानं येतात आणि जवळपास तेवढीच जुनी गळतात. म्हणजे एका झाडामागे महिन्याला एक झावळी. एका घराच्या आगरात भागत नाही, म्हणून वाडीभरच्या झावळ्या एका ठिकाणी येतात. पाडेली नारळ पाडायला चढला की खालची, पिकून लोंबायला लागलेली झावळी उतरवतो. वरची हिरवी काढ म्हटलं तर ऐकत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पानाच्या बेचक्यातच पोय येते आणि तिचीच पुढे नारळाची पेंड होते. पान गेलं की पेंडीचा आधार गेला.

झावळ्या पऱ्यात उरलेल्या पाण्यात दगडाखाली दाबून काही दिवस भिजत ठेवतात. कोरडी पात वळवली की तडकते. मुरलेली पात बोटाचं ऐकते. बाहेर काढल्यावर त्यांना कुबट वास येतो, हात काळपट होतात. त्याची कुणाला पर्वा नसते. गडीमाणसं कोयत्यानं झावळीचा दांडा मधोमध उभा चिरतात. चीर वाकडी गेली तर एक अर्धुक जाड आणि एक बारीक होतं, आणि मग विणणारीकडून चार शब्द ऐकावे लागतात.

मी ज्या आजींच्या शेजारी बसले होते, त्यांनी दांडा डाव्या पायाखाली दाबून धरला होता. तोच त्यांचा माग. अर्ध्या झावळीच्या सगळ्या पाती आता एकाच बाजूला, टोकाकडे झुकलेल्या. देठाकडून सुरुवात. एक पात आहे तशी सोडायची, पुढची मोडून उलट्या दिशेला वळवायची. पुन्हा एक सोडायची, एक वळवायची. सोडलेल्या पातींचा ताणा झाला, वळवलेल्यांचा बाणा. वळवलेली पात एकीच्या वरून, दुसरीच्या खालून, परत वरून काढत कडेपर्यंत न्यायची आणि प्रत्येक वेळी दांड्याकडे घट्ट ओढायची. झाप पुढे सरकेल तशा आजीही बसल्याबसल्या सरकत होत्या. शेवटी पातींची टोकं वेणी घातल्यासारखी एकमेकींत गुंफून गाठ. ही कड सुटली तर सगळा झाप उसवतो. आजींचा झाप पुरा होईपर्यंत माझा जेमतेम वीतभर झाला होता.

"ओढून घे गो," त्या म्हणाल्या, "सैल ठेवलंस तर झड आत येईल."

झाला की झाप उचलून सूर्यासमोर धरायचा. उजेडाचे ठिपके किती दिसतात त्यावरून तो कुठे जाणार ते ठरतं. दाट असेल तो छपरावर. पातळ असेल तो पडवीला आडोशाला नाहीतर लाकडांवर. छपरावर झाप पागोळीकडून वर रचत नेतात, दांडा वरच्या अंगाला आडवा, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर चढलेली, आणि वाशांना सुंभानं बांधलेली. फाटलेल्या झावळ्या बाजूला पडतात. त्यांचे हीर सोलून खराटे बांधतात. उरलेले दांडे चुलीत.

या बैठकीला सभासद नाहीत, वर्गणी नाही, तरी नियम पक्के आहेत. आज तुझ्या खळ्यात, उद्या माझ्या. ज्याचे झाप त्याचा चहा आणि आमसुलाचं सरबत. कोण उशिरा आली आणि कोण लवकर उठली, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. कुणाच्या घरी आजारपण असेल तर तिचे झाप बाकीच्या विणून देतात, आणि त्याचाही हिशेब लक्षात राहतोच.

हे सगळं टिकलं ते झाप टिकत नाही म्हणून. एक पावसाळा खाल्ला की तो कुजायला लागतो, पुढच्या चैत्रात पुन्हा बसावंच लागतं. पत्रा वीस वर्षं हलत नाही. निळी ताडपत्री बाजारातून एकटा माणूस आणतो आणि एकटाच बांधतो. पत्र्याखाली दुपारी भाजून निघतं, वर पाऊस लागला की बोलणं ऐकू येत नाही; पण दरवर्षीची दगदग वाचते. ज्या घरांवर पत्रा चढला, त्या घरच्या बायका पहिली एक-दोन वर्षं तरी मदतीला येतात. मग परतफेड म्हणून घ्यायला त्यांना काही उरत नाही आणि येणं थांबतं. तरण्या पोरींपैकी खळ्यात फार थोड्या दिसल्या, त्यातल्याही दोघी मुंबईहून सुट्टीला आलेल्या.

आता झापांना नवं गिऱ्हाईक आलं आहे. हेदवी-वेळणेश्वरच्या किनाऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांना गारवा आणि कोकणीपणा दोन्ही हवा असतो, म्हणून घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे मांडवासाठी झाप मागतात आणि नगावर पैसे देतात. त्या सकाळी असाच एकजण भाव पाडायला आला होता. पलीकडच्या वाडीत स्वस्त मिळतात, म्हणाला. कुणी विणायचं थांबवलं नाही. आजींनी हातातली पात ओढून घेतली आणि मान वर न करता सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "दर एकच. कमी कोणी घ्यायचा नाही, आणि सैल झाप कोणी द्यायचा नाही."

तो निघून गेल्यावर कमी कोण घेईल यावर बराच वेळ वाद झाला. पलीकडच्या वाडीतल्या बायकांशी बोलायला कुणी जायचं, हे ठरल्यावरच तो मिटला.