दूर राहण्याची विद्या : टेलिफोटो लेन्स आणि आपला छंद

वन्यजीवांच्या छायाचित्रणाचा छंद आहे असे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, तुमची लेन्स किती लांबचे जवळ आणते?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला तो उलट विचारावासा वाटतो. ही लेन्स आपल्याला किती दूर राहू देते? रोगपरीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग आपल्या वैद्यकाने सांगितले. रानातल्या जीवाच्या बाबतीत शेवटचे दोन मार्ग बंदच असतात. उरते ते केवळ दर्शन, आणि तेही त्याच्या स्वास्थ्यास बाधा न आणता.

टेलिफोटो भिंगाचे पेटंट इंग्लंडमधील थॉमस रुडॉल्फस डालमायर यांनी १८९१ मध्ये घेतले. पुढे बहिर्गोल आणि मागे अंतर्गोल भिंगांचा समूह अशी त्याची मूळ रचना असते. त्यामुळे नळीची लांबी नाभीय अंतराहून कमी ठेवता येते. झूम लेन्समध्ये हे समूह पुढेमागे सरकतात आणि नाभीय अंतर बदलते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर ५० मिलिमीटरचे भिंग सुमारे ४७ अंशांचे दृश्य टिपते, तर ३०० मिलिमीटरचे जेमतेम ८ अंशांचे.

माझी लेन्स ७० ते ३०० मिलिमीटरची, म्हणजे हौशी माणसाला परवडणारी. तिची मर्यादा साध्या त्रैराशिकाने समजते. दीड मीटर उंचीचा सारस ५० मीटरवर उभा असेल, तर ३०० मिलिमीटरवर संवेदकावर त्याची प्रतिमा ९ मिलिमीटरची उमटते. माझ्या कॅमेऱ्याचा संवेदक सुमारे १६ मिलिमीटर उंच असल्याने चित्र निम्म्याहून अधिक भरते. मात्र २७ सेंटिमीटरचा खंड्या त्याच अंतरावर दीड मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा दिसतो. त्याचे समाधानकारक चित्र हवे असेल, तर तो १० मीटरवर यावा लागतो. आपण त्याच्याकडे धावून हे साधत नाही. त्याच्या नेहमीच्या फांदीपासून योग्य अंतरावर स्वस्थ बसून राहिल्यानेच साधते.

लेन्स प्रतिमा मोठी करते तसा हाताचा कंपही मोठा करते. ३०० मिलिमीटरवर स्वतःच्या नाडीचे ठोके चौकटीत जाणवू लागतात. जुना नियम असा, की उघडझापेचा वेग नाभीय अंतराच्या व्यस्तांकाहून मंद नसावा. लहान संवेदकासाठी दीडपट धरली, तर किमान १/५०० सेकंद. प्रतिमा स्थिर राखणारी यंत्रणा आपला हात सावरते. उडणाऱ्या पक्ष्याचे पंख ती थांबवू शकत नाही. शिवाय अशा लेन्समध्ये नाभीय अंतर वाढवताना छिद्र एफ-४ वरून एफ-५.६ वर येते, म्हणजे प्रकाश निम्मा होतो. म्हणून कोवळे ऊन पसरल्यानंतरचे पहिले दोन तास उत्तम. एप्रिलच्या दुपारी शेतावरची तापलेली हवा लहरू लागली, की कितीही महागडी लेन्स धूसरच चित्र देते.

आधारासाठी तिपाई उत्तम. पण मोटारीत तिची अडचण होते. त्यावर आमचा करोंदचा उपाय आहे. इथल्या कृषी मंडीतला दोन किलो हरभरा जाड कापडी पिशवीत सैलसर शिवून घ्यावा, ती पिशवी मोटारीच्या खिडकीवर ठेवावी, इंजिन बंद करावे आणि तिच्यावर लेन्स टेकवावी. उच्छ्वास संपल्यानंतर क्षणभर जो विराम असतो, त्या विरामात बटण हळुवार दाबावे. हा विराम आपणा डॉक्टरांना वेगळा शिकवावा लागत नाही!

बैरसिया रस्त्याच्या बाजूची शेते गाठली, की तारेवरचा नीलकंठ, वाऱ्यावर जागच्या जागी पंख फडफडवणारी कापशी घार आणि गाईगुरांमागचे गायबगळे एवढे साहित्य नवशिक्याला वर्षभर पुरते. शहराच्या दुसऱ्या टोकाला १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान असलेले वनविहार आहे. तिथे चितळ आणि सांबर मोकळे फिरतात. मोठा आणि छोटा तलाव मिळून झालेल्या भोज पाणथळीला २००२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. मोठ्या तलावाकाठच्या बिसनखेडी परिसरात हिवाळ्यात पाहुण्या बदकांचे थवे उतरतात.

याच तलावाच्या परिसरात एका पावसाळ्यात ओल्या शेतात सारसाची मादी घरट्यावर बसलेली दिसली. सारस बहुधा दोनच अंडी घालतो आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. आम्ही सुमारे दीडशे मीटरवर होतो. तेथून बसलेल्या पक्ष्याची प्रतिमा अवघी दोन मिलिमीटरची येत होती. बरोबरच्या एका तरुण मित्राने सुचवले, "सर, बांधावरून अजून पन्नास पावले जाऊ या." तेवढ्यात तिने मान ताठ करून आमच्याकडे रोखून पाहिले. आणखी पुढे गेलो असतो तर ती उठली असती, आणि जवळच्या बाभळीवर कावळे बसलेलेच होते. आम्ही तिथूनच दोन छायाचित्रे घेऊन मागे फिरलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे मी त्या मित्राला परतीच्या वाटेवर सांगितले. बंदूक नसली तरी माणूस शिकारी ठरू शकतो.

नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच : लेन्सचे मिलिमीटर वाढवण्याची घाई करू नका. प्राण्याने चरणे थांबवले, मान वर केली किंवा पिलांना हाक दिली, की आपण सीमा गाठली असे समजावे. प्रत्येक छायाचित्रामागे दिनांक, वेळ, ठिकाण आणि संख्या लिहून ठेवावी, जशी आपण रुग्णाची टिपणे ठेवतो. या नोंदी पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. आणि मित्रांना चित्र दाखवताना घरट्याचा ठावठिकाणा मात्र सांगू नये. रुग्णाचे गुपित राखण्याचे व्रत आपण घेतलेलेच आहे. ते या मुक्या जिवांनाही लागू करण्यास काय हरकत आहे?